पायरी आणि अधिकार
दिव्यांग हक्कांचा कायदा आणि दैनंदिन जीवनातील सुगम्यता

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त चेंबूर येथे झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा असतो. संस्थापकांचे स्मरण होते, देणगीदारांचा गौरव होतो, पुढील कार्याचे संकल्प होतात. परंतु सुवर्णमहोत्सवाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. संस्थेच्या स्थापनेच्या वेळी जे पंचविशी-तिशीत होते, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांनी घरोघर फिरून निधी गोळा केला, त्यांतील कित्येकांचे गुडघे आज त्याच वास्तूच्या पायऱ्या चढू देत नाहीत. पर्युषणाच्या आठ दिवसांत एखादे ज्येष्ठ श्रावक दिसले नाहीत तर ‘तब्येत बरी नसेल’ असे म्हटले जाते. बहुधा तब्येत बरीच असते. आड येतात त्या प्रवेशद्वारापाशी असलेल्या सहा पायऱ्या.

आजचा विषय दिव्यांग हक्कांच्या कायद्याचा आहे. तो ऐकताना ‘हा काही मोजक्या, दुर्दैवी लोकांचा विषय’ असे कोणाला वाटू नये, म्हणून आरंभीच या सहा पायऱ्यांची आठवण करून दिली.

खार येथील दोन मजले

ऑक्टोबर २०२३ मधील एक घटना मुंबईकरांच्या स्मरणात असेल. विराली मोदी या दिव्यांग हक्कांच्या परिचित कार्यकर्त्या. त्या चाकाच्या खुर्चीचा वापर करतात. त्यांचा विवाह नोंदणी पद्धतीने व्हावयाचा होता. खार येथील ज्या शासकीय कार्यालयात तो होणार होता, ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. अधिकाऱ्यांनी स्वाक्षरीसाठी खाली यावे, अशी विनंती करण्यात आली. ती मान्य झाली नाही. अखेर वधूला उचलून दोन मजले वर न्यावे लागले. नंतर त्यांनी हा अनुभव जाहीरपणे मांडला, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली.

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहता येते. एक दृष्टी अशी : विवाह तर पार पडला ना? उचलणारी प्रेमाची माणसे होती, मग तक्रार कशाची? दुसरी दृष्टी त्या खुर्चीत बसलेल्या वधूची. अरुंद जिन्यावर एखाद्याचा पाय घसरला असता तर? आयुष्यातील सर्वांत मंगल दिवशी इतरांच्या खांद्यावरून, सामानासारखे, वर जावे लागणे ही भावना कशी असेल? शासनाच्या दारी स्वतःच्या हक्काचे काम घेऊन आलेल्या नागरिकाला तेथे स्वतःहून पोहोचता येऊ नये, हा दोष नागरिकाच्या पायांचा की त्या इमारतीचा?

अनेकान्ताचा विचार ज्या परंपरेत रुजला आहे, तिला ही दुसरी दृष्टी समजावून सांगण्याची गरज नसावी. तीच पायरी चढणाऱ्याला पायरी वाटते आणि खुर्चीत बसलेल्याला भिंत वाटते. गेल्या तीस वर्षांत कायद्याने जो प्रवास केला, तो पहिल्या दृष्टीकडून दुसऱ्या दृष्टीकडे जाण्याचा आहे.

दानाची परंपरा

हे सांगताना दानाच्या परंपरेचे मोल यत्किंचितही कमी करावयाचे नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो कृत्रिम पाय विकसित केला, तो ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेला. मांडी घालून बसता येईल, अनवाणी चालता येईल, शेतात काम करता येईल, असा हा पाय भारतीय जीवनाला साजेसा होता. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पाय गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचावा, म्हणून १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी जयपूर येथे ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचा तो काळ होता. त्या समितीच्या शिबिरांतून लक्षावधी माणसे पुन्हा उभी राहिली. ठिकठिकाणच्या जैन संस्थांनी या कार्याला जागा, धन आणि मनुष्यबळ दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि एक प्रश्न उरतो. शिबिरात पाय मिळालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडतो. बसची पायरी उंच असते, पदपथ खोदलेला असतो, शाळा दुसऱ्या मजल्यावर असते, नोकरी देणारा त्याच्या पायाकडे पाहून नकार देतो. दानाने त्याला चालते केले. पण चालत जावे असे ठिकाण त्याला खुले नाही. हे दुसरे काम एकट्या दात्याच्या आवाक्यातील नसते. तेथे कायद्याची गरज लागते.

कायद्याचा प्रवास

संसदेने डिसेंबर १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग यांचा कायदा संमत केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालीतील अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार असे सात प्रकार होते आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. सार्वजनिक इमारतींत उतार असावेत, हेही त्यात लिहिले होते. परंतु ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द जोडलेले होते. ज्याला करावयाचे नाही त्याची क्षमता नेहमीच अपुरी असते, हे सांगावयास नको. वीस वर्षे त्या शब्दांआड पुष्कळ काही राहून गेले.

दरम्यान १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्यास अनुसमर्थन दिले. या कराराने विचाराची दिशाच बदलली. अपंगत्व हे व्यक्तीच्या शरीरातच असते, असे पूर्वी मानले जाई. करार सांगतो की, शरीरातील उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या गाठीतून अपंगत्व निर्माण होते. उणीव वैद्यकाने भरून निघेल न निघेल. अडथळे मात्र माणसांनी घातलेले असतात, ते माणसांनाच काढता येतात.

याच विचारावर ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ उभा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा ऱ्हास, शिकण्यातील विशिष्ट अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, बुटकेपणा, आम्लहल्ल्याने आलेले व्यंग हे सारे त्यात आले. ही यादी ऐकताना उपस्थितांपैकी अनेकांच्या मनात घरातील, नात्यातील एखादा चेहरा उभा राहिला असेल. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदवले. पण ती मोजणी या विस्तारित यादीच्या आधीची आहे.

शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ४ टक्के झाले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव झाल्या. हे लाभ ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, त्यांच्यासाठी आहेत. परंतु समान वागणुकीचा, सन्मानाचा आणि सुगम्यतेचा हक्क टक्क्यांवर अवलंबून नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

दोन शब्द ध्यानात ठेवावेत

या कायद्यातील दोन संकल्पना समजल्या की बाकीचा कायदा उलगडत जातो. पहिली सुगम्यता, दुसरी वाजवी सोय.

सुगम्यता म्हणजे कोणी येण्यापूर्वीच, सर्वांसाठी केलेली तयारी. उतार, रुंद दार, आधाराचे दांडे, मोठ्या अक्षरांतील फलक, लिफ्टमधील ब्रेल आणि आवाजाची सूचना. कोण येईल हे ठाऊक नसते, तरी दार उघडे ठेवलेले असते. वाजवी सोय म्हणजे विशिष्ट व्यक्ती समोर आल्यावर, तिच्या गरजेनुसार आणि समोरच्यावर अवाजवी भार न टाकता केलेला बदल. परीक्षेत लेखनिक देणे, कर्मचाऱ्याचे टेबल तळमजल्यावर आणणे, खार येथील प्रसंगात अधिकाऱ्याने नोंदवही घेऊन दोन मजले उतरणे. वाजवी सोय नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात याच तत्त्वाचा आधार घेतला. लिहिताना हात आखडणाऱ्या या तरुणाला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता, कारण त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या निकषात बसत नव्हते. न्यायालयाने सांगितले की, आरक्षणासाठीचा निकष लेखनिकाच्या सोयीला लावता येणार नाही.

सुगम्यतेबाबतचा महत्त्वाचा निकाल ८ नोव्हेंबर २०२४ चा आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित नागरिकाने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा म्हणतो ‘केलेच पाहिजे’ आणि त्याखालचे नियम मात्र केवळ शिफारस करतात, असे चालणार नाही, हा त्या निकालाचा आशय. किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवावेत, असा आदेश केंद्र सरकारला देण्यात आला. एका नागरिकाने एकोणीस वर्षे धरलेल्या चिकाटीचे हे फळ होते.

सार्वजनिक इमारत कोणती?

आता सभागृहातील प्रत्येक विश्वस्ताने लक्षपूर्वक ऐकावे असा भाग. ‘सार्वजनिक इमारत’ म्हटले की कलेक्टर कचेरी, रेल्वे स्थानक, पोस्ट ऑफिस डोळ्यांसमोर येते. २०१६ च्या कायद्याची व्याख्या त्याहून पुष्कळ व्यापक आहे. शासकीय असो वा खासगी, सर्वसाधारण जनता जिचा वापर करते ती इमारत सार्वजनिक होय. आणि या व्याख्येत शिक्षण, व्यापार, आरोग्य, मनोरंजन यांच्या जोडीला धार्मिक वापराच्या इमारतींचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे देरासर, उपाश्रय, आयंबिल शाळा, पाठशाळा, धर्मशाळा, संस्थेचा दवाखाना आणि विवाह-समारंभांसाठी दिले जाणारे सभागृह ही सारी ठिकाणे या विचाराच्या कक्षेत येतात.

अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य कराव्यात, असे कायद्यात म्हटले आहे. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले; मुदत जून २०२२ मध्ये संपली. नव्या इमारतीच्या बाबतीत तर नियमांनुसार आराखडा नसेल तर बांधकामाची परवानगी देऊ नये आणि काम पूर्ण झाल्याचा दाखलाही देऊ नये, असे सांगितले आहे. कायद्याच्या पहिल्या भंगास दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चेंबूरमध्ये जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची कामे गल्लोगल्ली चालू आहेत. वास्तुविशारदाशी पहिली बैठक होते, तेव्हाच हा विषय काढला तर त्याचा खर्च नगण्य असतो. इमारत उभी राहिल्यावर तोच खर्च डोईजड होतो.

दंडाचा उल्लेख केला तो भय दाखवण्यासाठी नव्हे. जी संस्था मुक्या जीवांसाठी पांजरापोळ चालवण्यास हातभार लावते, तिने आपल्याच वृद्ध श्राविकेसाठी उतार दंडाच्या भीतीने बांधावा, हे शोभणारे नाही.

फूटपट्टी घेऊन मोजावे

‘आमच्याकडे रॅम्प आहे’ असे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळते. पाहावयास गेले तर तो स्कूटर चढवण्यासाठी केलेला उभा चढ असतो. उताराचे गणित सोपे आहे : एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. सहा इंचांच्या सहा पायऱ्या म्हणजे तीन फूट उंची. तिच्यासाठी छत्तीस फूट लांबीचा उतार, मध्ये विसाव्याची सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना धरावयाचे दांडे. इतकी जागा नसेल तर उतार वळवून घेता येतो, बाजूचे दार वापरता येते, अथवा खुर्चीसह उचलणारी छोटी लिफ्ट बसवता येते. एक-दोन पायऱ्या असतील तर घडीचा, उचलून ठेवता येणारा उतारही पुरतो.

दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी. खुर्ची वळवण्यासाठी पाच फूट व्यासाची जागा लागते. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्या व्यक्तीच्याच शरीराला अडते आणि मदतीला जाता येत नाही. गुळगुळीत संगमरवर देखणा खरा, परंतु कुबडीच्या टोकाला तो तेलासारखा असतो. निदान ये-जा करण्याच्या वाटेवर न घसरणारा पट्टा हवा. पायऱ्यांच्या कडांना गडद रंगाची पट्टी ओढली तर कमी दिसणाऱ्यांचे पडणे टळते. तिचा खर्च रंगाच्या एका डब्याएवढा.

धर्मस्थानात एक नाजूक प्रश्न हमखास येतो. पादत्राणे बाहेर काढावयाची आणि चामड्याची वस्तू आत न्यावयाची नाही, ही मर्यादा सर्वांना मान्य आहे. मग बुटाला जोडलेले कॅलिपर घालणाऱ्याने काय करावे? रस्त्यावरून आलेल्या खुर्चीच्या चाकांचे काय? याच प्रश्नापाशी अनेक दिव्यांग उंबरठ्यावरून परत फिरतात, कारण दाराशी वाद घालण्याची कोणाची इच्छा नसते. यावर मार्ग आहेत. संस्थेने एक स्वच्छ खुर्ची केवळ आतील वापरासाठी ठेवावी. चाके आणि कुबड्यांची टोके पुसण्यासाठी ओले फडके व बसण्यास बाक दाराशी असावा. चामड्याच्या पट्ट्यांऐवजी नायलॉनच्या पट्ट्या असलेले कॅलिपर बनवून मिळतात. त्यासाठी निधीतून साहाय्य करावे. पूज्य साधू-साध्वींचे मार्गदर्शन घेऊन नियम एकदा ठरवावा आणि तो फलकावर लिहावा, म्हणजे पहारेकऱ्याच्या मर्जीवर कोणाचे दर्शन अवलंबून राहणार नाही.

न दिसणारे अडथळे

सगळे अडथळे सिमेंटचे नसतात. व्याख्यान चालू असताना स्वमग्न मूल मोठ्याने आवाज काढते. पुढील रांगेतील दहा माना वळतात. कोणी काही बोलत नाही. पण त्या मुलाची आई पुढच्या रविवारी येत नाही. त्या दहा माना वळल्या नसत्या, किंवा मागील दाराजवळ अशा कुटुंबांसाठी निवांत जागा ठेवली असती, तर एक अख्खे कुटुंब संघापासून तुटले नसते.

पाठशाळेत एखाद्या मुलाला सूत्रे मुखोद्गत असतात, अर्थही सांगता येतो. परंतु लेखी परीक्षेत त्याची अक्षरे उलटसुलट होतात आणि तो नापास होतो. हा आळस नसून शिकण्यातील विशिष्ट अक्षमता असू शकते. तिची तपासणी व प्रमाणपत्र जवळच, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात होते आणि शालान्त परीक्षेत त्या आधारे जादा वेळ, लेखनिक आदी सवलती मिळतात. पाठशाळेने तर तोंडी परीक्षा घ्यावी. श्रुतपरंपरेने जपलेल्या ज्ञानाला तोंडी परीक्षेचे वावडे नसावे.

बहिऱ्या व्यक्तीसाठी ध्वनिक्षेपक मोठा करून उपयोग नसतो. वक्त्याचे ओठ दिसतील अशी पुढची जागा आणि व्याख्यानाचा लेखी गोषवारा तिला अधिक उपयोगी पडतो. दृष्टिबाधित व्यक्तीला हात धरून ओढू नये. तिला स्वतःचे कोपर धरू द्यावे आणि पुढे काय आहे ते सांगत चालावे.

शब्दांचेही भान हवे. ‘लंगडा’, ‘मुका’, ‘वेडा’ ही विशेषणे घरगुती बोलण्यात सहज येतात. चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीची मानहानी केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद या कायद्यात आहे.

घरातील कामाच्या गोष्टी

कुटुंबांनी पहिली गोष्ट करावी ती प्रमाणपत्राची. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र यांसाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि तपासणी नेमून दिलेल्या शासकीय वा महापालिका रुग्णालयात होते. विवाह जुळण्यात अडचण येईल, लोक काय म्हणतील, या भीतीने कित्येक सुशिक्षित घरेही हे टाळतात आणि मुलाची शिष्यवृत्ती, राखीव जागा, रेल्वेची सवलत सारे हातचे जाते.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या आईवडिलांना एकच प्रश्न रात्रंदिवस छळतो : आमच्या पश्चात याचे कोण? मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बँकेत वा मालमत्तेच्या कामात अडल्यावर कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करून पालकाची नियुक्ती करून घेता येते. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. मृत्युपत्र करताना अशा मुलाची तरतूद वकिलाच्या सल्ल्याने, हातपाय धडधाकट असतानाच करून ठेवावी.

तिसरी गोष्ट दाद मागण्याची. हक्क डावलला गेल्यास दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. राज्य शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला.

मागितल्याने रस्ता मिळतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. पदपथांवर वाहने चढू नयेत म्हणून महापालिकेने लावलेले खांब इतके जवळ होते की त्यांतून चाकाची खुर्ची जात नसे. शिवाजी पार्क परिसरातील एका तरुणाने हे उच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून त्याची जनहित याचिका करून घेतली. एका पत्राने शहरभरच्या पदपथांचा विचार सुरू झाला.

‘असे येतातच किती?’

सुगम्यतेची सूचना केली की बैठकीत हमखास एक प्रश्न येतो : ‘पण आपल्याकडे असे लोक येतातच किती?’ प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. पूल नसलेल्या नदीकाठी उभे राहून ‘पलीकडे जाणारे येथे कोणीच दिसत नाही, मग पूल कशाला’ असे कोणी म्हणत नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालील शरीर निकामी झाले. चाकाच्या खुर्चीवर बसणारे उद्योजक बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून त्यांना उमेद मिळाली. पुढे नोकरी करीत असतानाच १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या संस्थेने वसतिगृह व शाळा अशा बांधल्या की खुर्चीवरील मूल कोणाच्याही मदतीशिवाय सर्वत्र फिरू शकेल. आणि दार उघडताच मुले आली. घराघरांतील कोपऱ्यांतून आली. ती आधीही होतीच, फक्त कोणाला दिसत नव्हती.

चेंबूरला तर सल्ल्यासाठी दूर जावयाचे कारण नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल सोसायटी फॉर इक्वल अपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड’ ही संस्था पोस्टल कॉलनी रस्त्यावर आहे. दिव्यांगांचे व्यवसाय-प्रशिक्षण आणि पुनर्वसन हे तिचे कार्यक्षेत्र. धर्मस्थानातील बदल ठरवताना अनुभवी आणि स्वतः दिव्यांग असलेल्या व्यक्तींना आधी विचारावे. खुर्चीत न बसलेल्यांनी आखलेला उतार बहुधा चुकतो.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक संकल्प सुचवले जातात. येथे एकच सुचवावयाचा आहे आणि त्यास एक सकाळ पुरेशी आहे. एखाद्या रविवारी सर्व विश्वस्तांनी आळीपाळीने चाकाच्या खुर्चीत बसून रस्त्यापासून गाभाऱ्याच्या दारापर्यंत, तेथून प्रवचन कक्ष, भोजनगृह आणि स्वच्छतागृहापर्यंत जाऊन पाहावे. जेथे खुर्ची अडेल तेथे खडूने खूण करावी. सोबत फूटपट्टी आणि वही असावी. सायंकाळी त्या खुणांची यादी करावी : कोणती खूण या महिन्यात पुसता येईल, कोणती या वर्षात, कोणतीला वास्तुविशारद आणि मोठा निधी लागेल. ती यादी सूचनाफलकावर लावावी, म्हणजे संघाला हिशेब कळेल आणि देणगीदारांनाही दिशा मिळेल. शिखरावरील कलशासाठी चढावे बोलले जातात, तसा एखादा चढावा उताराच्या दांड्यासाठीही बोलला जावा.

तीर्थक्षेत्री डोलीची प्रथा फार जुनी आहे. वृद्ध आणि अशक्त यात्रेकरूंना डोलीवाले शेकडो पायऱ्या वाहून नेतात. पर्वतावर तो मार्ग योग्यच होय. चेंबूरच्या सपाट रस्त्यावर, सहा पायऱ्यांसाठी मात्र कोणाला खांदेकरी शोधावे लागू नयेत. जीव एकमेकांना उपकारक असतात, हा तत्त्वार्थसूत्राचा आशय जैन प्रतीकचिन्हाच्या तळाशी अंकित आहे. पुढील पर्युषणात, ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी या कार्याची पायाभरणी केली, त्यांतील जे हयात आहेत ते कोणाचाही हात न मागता आत येऊन आपल्या जागी बसलेले दिसावेत, एवढीच या व्यासपीठावरून प्रार्थना.

जय जिनेंद्र.